सीडीआर (कॉल तपशील नोंद)

मोबाइलवरून झालेल्या प्रत्येक कॉलची आणि एसएमएसची जी ओळ कंपनीच्या यंत्रणेत आपोआप उमटते, ती म्हणजे सीडीआर, अर्थात कॉल डिटेल रेकॉर्ड. कोण काय बोलले हे तिच्यात नसते. कोणी कोणाला, कधी, किती वेळ आणि कुठल्या टॉवरवरून फोन केला, एवढेच असते. ही नोंद जन्मली बिल काढण्यासाठी. पुढे ती गुन्ह्याच्या तपासाची पहिली पायरी झाली आणि त्याच वाटेने खासगीपणाच्या वादात येऊन पडली. पोलीस ठाण्यात, कोर्टात आणि बातम्यांत सगळे तिला सीडीआरच म्हणतात: सीडीआर मागवला, सीडीआर आला, सीडीआरमध्ये लोकेशन दिसते. यातल्या शेवटच्या वाक्यावर सगळा घोळ उभा आहे.

एका ओळीत काय असते

कंपनीकडून येणारी फाइल बहुधा सीएसव्ही स्वरूपाची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची असते. ज्याचा सीडीआर काढला तो ए-पार्टी, समोरचा बी-पार्टी. त्यापुढे प्रकार (इन, आउट, एसएमएस इन, एसएमएस आउट), तारीख, वेळ सेकंदापर्यंत, कालावधी सेकंदांत, कॉल सुरू झाला तो पहिला सेल (टॉवरवरच्या एका अँटेनाचा पट्टा), संपला तो शेवटचा सेल, आयएमईआय आणि आयएमएसआय. एसएमएसच्या ओळीत कालावधी शून्य किंवा कोरा असतो. न उचललेला कॉल बिलासाठी बनलेल्या नोंदीत सहसा येत नाही. त्यामुळे ‘मी त्याला दहा मिसकॉल दिले होते’ हे सीडीआरवरून दाखवायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो.

आयएमएसआय ही सिमची ओळख. तिचे पहिले तीन आकडे देशाचे. भारतासाठी ४०४ किंवा ४०५. आयएमईआय ही हँडसेटची ओळख, १५ आकडी: पहिले आठ मॉडेलचे, पुढचे सहा त्या नगाचे, शेवटचा पडताळणीचा. हा शेवटचा आकडा फोन नेटवर्कला पाठवतच नाही. म्हणून सीडीआरमध्ये त्या जागी बरेचदा ० दिसतो आणि खोक्यावर मात्र दुसराच आकडा असतो. जप्त हँडसेट आणि सीडीआर जुळत नाहीत अशी हरकत बचाव पक्ष यावरून घेतो. तपासी अंमलदाराला कारण ठाऊक नसेल तर उलटतपासणीत तो अडकतो. खरे तर पहिले चौदा आकडे जुळवायचे असतात.

सेलचा आकडाही वाचता यावा लागतो. फोरजीत सेलची ओळख २८ बिटांची असते; तिला २५६ ने भागले की भागाकार टॉवरचा क्रमांक आणि बाकी सेलचा. उदाहरणार्थ ५१३८४३२२ ला २५६ ने भागले तर २००७२० येतात आणि २ उरतात: टॉवर २००७२०, सेल २. एकाच टॉवरचे सेल असे ओळखता आले, की ‘आरोपी मिनिटभरात तीन ठिकाणी दिसतो’ असले निष्कर्ष आपोआप गळतात. माणूस एकाच खोलीत बसलेला असतो, फोन फक्त सेल बदलत असतो.

सीडीआरसोबत आणखी काही कागद येतात. एसडीआर म्हणजे सिम कोणाच्या नावावर आहे ती नोंद. कॅफ म्हणजे सिम घेताना भरलेला अर्ज, फोटो आणि ओळखपत्रासह. आयपीडीआर म्हणजे इंटरनेट वापराची नोंद. व्हॉट्सॲपवरचा कॉल सीडीआरमध्ये दिसत नाही; तो आयपीडीआरमध्ये डेटाच्या एका सत्रासारखा दिसतो, समोर कोण होते ते कळत नाही. शिवाय कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटतात, त्यामुळे नुसत्या आयपीवरून ग्राहक सापडत नाही. सोर्स पोर्ट (त्या पत्त्यावरची एकेक जोडणी वेगळी ओळखणारा क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ, दोन्ही लागतात. मागणीपत्रात पोर्ट लिहायचा राहिला की उत्तरात भलत्याच माणसांची यादी येते. २६/११ च्या हल्ल्यातले सूत्रधारही इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या एका परदेशी सेवेमार्फत बोलत होते. समोर दिसणाऱ्या क्रमांकांत ऑस्ट्रियाचे क्रमांक होते.

टॉवर म्हणजे पत्ता नव्हे

एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येक जण १२० अंशांचा पट्टा सांभाळतो. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंशांत लिहितात. तिला ॲझिमथ म्हणतात. सीडीआर फार तर इतके सांगतो, की त्या क्षणी ते सिम या पट्ट्यात कुठेतरी होते. दाट शहरात हा पट्टा काहीशे मीटरांचा असतो, खेड्यात काही किलोमीटरांचा. टूजीची तांत्रिक मर्यादा साधारण ३५ किलोमीटर आहे.

फोन सर्वांत जवळचा टॉवर पकडतो, हाही गैरसमज आहे. त्याला ज्याचा सिग्नल बरा मिळतो आणि नेटवर्क ज्याच्याकडे ढकलते, तो टॉवर तो पकडतो. जवळच्या टॉवरवर गर्दी झाली की कॉल शेजारच्याकडे जातो. पाण्यावरून सिग्नल अडथळ्याविना लांब पोचतो, म्हणून खाडीच्या किंवा बंदराच्या एका काठावरचा फोन समोरच्या काठावरचा टॉवर दाखवू शकतो. सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहिले की घाटमाथ्याचा टॉवर सोडून खाली कोकणातला लागतो, हे ट्रेकला जाणाऱ्यांना सांगायला नको. ‘मोबाइल लोकेशनवरून आरोपी घटनास्थळी असल्याचे सिद्ध’ हा मथळा म्हणून अर्धवट असतो. सिद्ध होते ते एवढेच, की ते सिम घालून एक हँडसेट त्या पट्ट्यात होता. तो कोणाच्या हातात होता, हे वेगळ्या पुराव्याने दाखवावे लागते.

उलट बाजूही तितकीच खरी. फोन चालू पण गप्प असेल, तर सीडीआरमध्ये ओळच पडत नाही. दोन ओळींमधल्या तीन तासांत माणूस नाशिकला जाऊन आला असेल किंवा घरी झोपला असेल. आपण निर्दोष आहोत हे दाखवण्यासाठी सीडीआर पुढे करणाऱ्यालाही हीच मर्यादा नडते.

चूक किती महागात पडते, ते डेन्मार्कमध्ये दिसले. कंपन्यांकडून आलेल्या कच्च्या नोंदी पोलिसांच्या सॉफ्टवेअरने बदलून घेताना काही ओळी गळत होत्या आणि काही फोन चुकीच्या टॉवरला जोडले जात होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे असा पुरावा दोन महिने कोर्टात वापरायचा नाही असे ठरले, २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणे पुन्हा तपासायला घेतली गेली आणि ३२ कैदी सोडले गेले.

आपल्याकडे बिघाड बहुधा याहून साधा असतो, आणि त्याचे नाव एक्सेल. फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली, की ९१ ने सुरू होणारा बारा आकडी क्रमांक ९.१९ई+११ असा दिसू लागतो. पंधराहून जास्त आकड्यांच्या सिम क्रमांकाच्या शेवटी शून्ये बसतात. ०३/०७ ही ३ जुलै होती, ती संगणकाच्या मांडणीप्रमाणे ७ मार्च होते. तशीच फाइल सेव्ह केली तर हॅशही (फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारी तिची खूण) बदलतो. रीत अशी: मूळ फाइल आली की आधी हॅश काढून लिहून ठेवायचा, मूळ प्रत बाजूला ठेवायची, काम प्रतीवर करायचे आणि सगळे रकाने आकडे म्हणून न घेता मजकूर म्हणून घ्यायचे.

टॉवर डंप

संशयित कोण हेच माहीत नसते, तेव्हा डंप डेटा मागवतात. म्हणजे ठरावीक वेळात त्या सेलवर नोंद झालेले सगळेच क्रमांक. आधी घटनास्थळी प्रत्येक कंपनीचे सिम घातलेले फोन नेऊन कुठले सेल लागतात ते लिहून घेतात. टूजी, फोरजी, फाइव्हजी वेगवेगळे बघावे लागतात. ही पायरी टाळून नकाशावरचा जवळचा टॉवर मागवला, की हवा तो सेलच हातून सुटतो. मग घटनेच्या आधीची आणि नंतरची ठरावीक वेळ धरून मागणी जाते. मुंबई हे वेगळे दूरसंचार मंडळ आहे आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा हे दुसरे, त्यामुळे हद्दीजवळच्या घटनेसाठी दोन्हीकडे लिहावे लागते. आलेल्या याद्या दुसऱ्या घटनास्थळाच्या याद्यांशी ताडून समान क्रमांक काढतात. साखळीचोरी किंवा एटीएम फोडणे अशा एकामागोमाग होणाऱ्या गुन्ह्यांत ही पद्धत चालते. एकाच ठिकाणचा डंप असेल तर गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे होते.

हरकत इथेच आहे. बसस्थानकाजवळच्या सेलच्या डंपमध्ये हजारो माणसे असतात आणि गुन्ह्याशी बहुतेकांचा संबंध नसतो. त्यांना कोणी कळवत नाही. काम संपल्यावर ती यादी पुसली का, हेही त्यांना कळत नाही. सीडीआरवरच्या एकूण वादात हा मुद्दा सर्वांत सबळ आहे आणि सर्वांत कमी बोलला जातो.

कायदा

फोन टॅप करणे आणि सीडीआर काढणे यांत कायद्याने मोठी दरी ठेवली आहे. टॅपिंगला गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. आदेश ६० दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवसांचा, वर आढावा समिती. ही चौकट सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) निकालातून आली. ती मोडून काढलेले टॅपिंगचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात रद्द केले. सीडीआरला यातले काही लागत नाही. कागदपत्रे हजर करायला सांगण्याची जी सर्वसाधारण तरतूद आहे (पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचे कलम ९१, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४), तिच्याखाली कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे अशा मागण्या हाताळणाऱ्या माणसाला, पत्र जाते. दुकानाची वही मागवायची आणि माणसाचा दोन वर्षांचा वावर मागवायचा, दोन्हींना एकच कलम.

थोडा लगाम बसला तो एका लफड्यानंतर. २०१३ च्या सुरुवातीला राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचा सीडीआर बेकायदा मागवल्याचे उघड झाले. मागणी एका पोलीस अधिकाऱ्याच्या अधिकृत ई-मेलवरून गेली होती आणि अटक झालेल्यांत एक शिपाई होता. त्यानंतर केंद्रीय गृह खात्याने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच मागणी करावी अशी मार्गदर्शक सूचना काढली. तरी बाजार थांबला नाही: २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी टोळी पकडली, तीत खासगी गुप्तहेर होते. कुलूप चांगले असून भागत नाही, किल्ल्या किती जणांकडे आहेत हेही बघावे लागते.

कंपन्यांनी नोंदी किमान एक वर्ष ठेवाव्यात अशी परवान्याची अट होती; डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन वर्षांची झाली. युरोपात सहा महिने ते दोन वर्षे सगळ्यांच्या नोंदी साठवायला लावणारा निर्देश तिथल्या न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी रद्दच केला. अमेरिकेत २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी १२७ दिवसांच्या, १२,८९८ टॉवरनोंदी वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने वॉरंट आवश्यक ठरवले. टॉवर डंपचा प्रश्न मात्र त्याने मुद्दाम बाजूला ठेवला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. मर्यादा घालायची तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. सीडीआरच्या चालू पद्धतीला ही तिसरी कसोटी जड जाते.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी एक महिन्याचा स्वतःचा सीडीआर मनात मांडून पाहावा. रात्रीचा सेल म्हणजे घर, दुपारचा म्हणजे कचेरी. दर गुरुवारी सायंकाळी ठरावीक दवाखान्याचा क्रमांक, त्यानंतर लगेच बहिणीला वीस मिनिटे. एकही शब्द न ऐकता आजारपण कळले. दुसऱ्या बाजूलाही दम आहे: हरवलेल्या मुलीचा शोध घेणाऱ्या अंमलदाराला रात्री दोन वाजता प्रत्येक ओळीसाठी दंडाधिकारी शोधायला लावणे परवडणारे नाही. तातडीच्या वेळी आधी नोंद आणि ठरावीक दिवसांत न्यायालयाची मंजुरी, हा मधला मार्ग व्यवहार्य दिसतो.

कोर्टात टिकण्यासाठी

नुसती छापील प्रत चालत नाही; संगणकातली ही नोंद कशी आणि कुठून काढली ते सांगणारे प्रमाणपत्र सोबत लागते. संसद हल्ला प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राशिवायही सीडीआर स्वीकारला होता. २०१४ च्या अन्वर निकालाने ते बदलले. प्रश्न मिटला तो जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उठलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात, १४ जुलै २०२० रोजी. प्रमाणपत्र आवश्यकच, पण मागूनही ते मिळत नसेल तर न्यायालय ते मागवू शकते. तपासात जप्त झालेल्या सीडीआरच्या नोंदी कंपन्यांनी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवाव्यात, असा आदेशही त्याच निकालात आहे. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यांत हॅश व तो कुठल्या पद्धतीने काढला हे लिहावे लागते.

आरोपीच्या वकिलाने किंवा बेपत्ता माणसाच्या नातेवाइकांनी तारीख सांभाळावी. दोन वर्षे हा किमान काळ आहे, त्यापुढे कंपनी नोंद पुसू शकते; म्हणून नोंद राखून ठेवण्याचा अर्ज न्यायालयात लवकर द्यावा. मागताना मूळ सीएसव्ही, तिचा हॅश, प्रमाणपत्र आणि त्या तारखेची सेलची यादी पत्ता व ॲझिमथसह मागावी. आजची यादी घेऊन उपयोग नाही: अँटेना फिरवतात, टॉवर हलतात, आणि दीड वर्षापूर्वी शाळेकडे तोंड असलेला सेल आज बाजाराकडे बघत असतो.