उणे ६ व्होल्टची शांतता

विमान हँगरबाहेर उभं आहे. जीपीएस चालू आहे, त्याच्या पडद्यावर उपग्रहही दिसताहेत. त्यानं पाठवलेली माहिती वाचण्यासाठी केबल लॅपटॉपला जोडली आहे. तरी आलेली अक्षरं दाखवणाऱ्या टर्मिनल प्रोग्रॅमच्या काळ्या चौकटीत एक अक्षर उमटत नाही. अशा वेळी बहुतेकजण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की आधी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर काढा.

सेसना १७२ सारख्या छोट्या विमानांत जीपीएस, ऑटोपायलट, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) ही मंडळी आजही अनेकदा आरएस-२३२ या सिरियल, म्हणजे एकामागून एक बिट (० किंवा १) पाठवण्याच्या, पद्धतीनं बोलतात. हे मानक १९६० सालचं. यात ‘१’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘०’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. अधलामधला पट्टा कशातच धरत नाहीत. याहून महत्त्वाचं म्हणजे, बोलणारं उपकरण गप्प असतं तेव्हाही त्याची तार शून्यावर नसते, उणे व्होल्टवर असते. म्हणजे शांतता मोजता येते!

मीटरची काळी टोकणी ग्राउंडला आणि लाल टोकणी जीपीएसच्या पाठवणाऱ्या तारेला लावा. उणे ५, उणे ६, उणे ९ असं काही दिसलं तर तार जिवंत आहे. माहिती जात असेल तर आकडा मधूनमधून हलतो. शून्याच्या आसपास काही दिसलं तर तार कुठेतरी तुटली आहे, पोर्ट बंद आहे किंवा तुम्ही चुकून ऐकणाऱ्या तारेवर टोकणी ठेवली आहे.

याच मापानं तारांची अदलाबदलही पकडता येते. लॅपटॉपच्या बाजूच्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर २ नंबरची पिन ऐकते, ३ नंबरची बोलते आणि ५ नंबर ग्राउंड असतं. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागायला हवं. केबल सोडवून दोन्ही टोकं वेगवेगळी मोजा. दोन्हीकडे ३ नंबरवरच उणे व्होल्ट आले, तर तोंडाला तोंड जोडलं जातंय. मग कितीही सेटिंग्ज बदलल्या तरी व्यर्थ. आणि शांततेतच मीटरवर अधिक ३.३ किंवा अधिक ५ दिसले, तर ते उपकरण आरएस-२३२ नव्हे, टीटीएल पातळीवर, म्हणजे शून्य ते अधिक ५ व्होल्टच्या आत, बोलतंय. हौशी मंडळींनी घरी बनवलेल्या सर्किटात हे हमखास आढळतं. मध्ये पातळी बदलणारी चिप न घालता ते जोडलं, तर सर्किट जळू शकतं.

लॅपटॉपकडची बाजू तपासणं त्याहून सोपं. यूएसबी-सिरियल अडॅप्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडा, टर्मिनलमधला लोकल इको (टाइप केलेलं अक्षर स्वतःच पडद्यावर दाखवण्याची सोय) बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. तेच अक्षर परत आलं तर अडॅप्टर, ड्रायव्हर आणि पोर्टची निवड, तिन्ही ठीक.

आता समजा अक्षरं आली, पण सगळा कचरा. मला हा कचरा पाहून बरं वाटतं, कारण तार आणि ग्राउंड बहुधा शाबूत आहेत. चुकलाय तो वेग. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगाला, एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, ४८०० ला सुमारे २०८. जहाजांसाठी बनलेली एनएमईए ०१८३ ही भाषा मूळची ४८०० ची, तर जीपीएसचा ‘एव्हिएशन’ नावाचा फॉरमॅट बहुधा ९६०० वर असतो. वेग जुळला की स्वच्छ वाक्यं धावू लागतात; एनएमईएची असतील तर ती डॉलर चिन्हानं सुरू होतात.

खरा छळ करणारा दोष मात्र इंजिन सुरू झाल्यावरच दिसतो. लॅपटॉप विमानाच्याच सॉकेटवर चार्जिंगला असेल, तर त्याचं ग्राउंड दोन वाटांनी विमानाला जोडलं जातं: एक चार्जरमधून, दुसरी सिरियल केबलमधून. अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्राची, विद्युत खरखर या वेटोळ्यातून फिरते. आरएस-२३२ प्रत्येक व्होल्ट ग्राउंडच्या तुलनेत मोजतं, त्यामुळे ग्राउंडच डळमळलं की अक्षरं बिघडतात. चार्जर काढून पाहा. तेवढ्यानं दोष गेला, तर कारण सापडलं. मोठ्या विमानांतली उपकरणं ज्या पद्धतीनं बोलतात ते एआरआयएनसी ४२९ हे मानक पिळलेल्या दोन तारांमधला फरक वाचतं, म्हणून दोन्हींवर सारखीच पडलेली खरखर आपोआप वजा होते. ते साध्या सिरियल अडॅप्टरनं वाचता येत नाही. त्याला वेगळा कन्व्हर्टर लागतो.

नुसतं ऐकायचं असेल तर लॅपटॉपची पाठवणारी तार जोडूच नका. जीपीएसची पाठवणारी तार आणि ग्राउंड एवढं पुरतं. पॅनलमागची तार जपायला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत एडीएस-बी (विमानानं आपली जागा सतत प्रसारित करण्याची पद्धत) सक्तीचं आहे, आणि कित्येक छोट्या विमानांत ट्रान्सपॉन्डरला आपण कुठे आहोत हे अशाच एका सिरियल तारेतून कळतं. प्रमाणित विमानाच्या वायरिंगला परवानाधारक तंत्रज्ञाखेरीज कुणी हात लावू नये.

त्या तंत्रज्ञाला मात्र एक गोष्ट आवर्जून पाहायला सांगा. पॅनलमधला जीपीएस एका ट्रेमध्ये सरकवून बसवलेला असतो आणि त्याचे कनेक्टर ट्रेच्या मागच्या भिंतीवर असतात. डबा पूर्ण आत गेला नसेल किंवा एखादी पिन मागे सरकली असेल, तर पडदा झकास उजळतो, पण तेवढी एक तार मुकी राहते. वीज बंद करायची, डबा काढायचा, पिना पाहायच्या, डबा पुन्हा घट्ट बसवायचा. मग वीज चालू करून मोजलं, की अनेकदा मीटरवर शून्याच्या जागी उणे ६ आलेले असतात.