फ्लोटिंग पॉइंट तुलनेतील अनंत

संगणक दशांश संख्या अपूर्णांक आणि घातांक अशा दोन भागांत साठवतो; त्यांना फ्लोटिंग पॉइंट संख्या म्हणतात. त्यांच्यात धन अनंत आणि ऋण अनंत ही दोन खास मूल्ये असतात. त्यांचे नियम आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकाने घालून दिले. मानकाचे प्रमुख शिल्पकार विल्यम कहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. गणितातल्या अनंताशी या मूल्याचे नाते तसे सैलच. बेरीज-गुणाकाराचे उत्तर मावले नाही की तिथेही अनंतच येतो. ६४ बिटांत ही मर्यादा साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात एवढी आहे.

धन अनंत कोणत्याही सांत (म्हणजे अनंत नसलेल्या) संख्येहून मोठा, ऋण अनंत लहान, आणि अनंत स्वतःशी समान. ही क्रमवारी बिटांच्या मांडणीतच आहे. ६४ बिटांच्या अनंतात घातांकाचे अकराही बिट १ आणि अपूर्णांकाचे बावन्नही बिट ० असतात. सर्वांत मोठ्या सांत संख्येचे बिट पूर्णांक म्हणून वाचून त्यात १ मिळवला, की नेमका धन अनंताचा नमुना मिळतो.

घोळ होतो तो ‘जवळपास समान’ ठरवताना. अनंतातून अनंत वजा केला की ‘नॅन’ (‘संख्या नाही’ असे सांगणारे खास मूल्य) उरतो आणि नॅन कशाहूनही लहान नसतो. त्यामुळे फरक ठरावीक मुभेएवढा किंवा त्याहून कमी आहे का, असे विचारल्यास दोन समान अनंतही वेगळे ठरतात. मुभा सापेक्ष, म्हणजे मोठ्या संख्येच्या ठरावीक अंशाएवढी, ठेवली तर उलटीच गंमत: अनंत आणि ५ यांतला फरक अनंत, अनंताचा अब्जांशही अनंतच, म्हणून दोन्ही ‘जवळ’! पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.५ आवृत्तीत आलेले ‘इजक्लोज’ हे फंक्शन म्हणूनच आधी थेट समानता पाहते. ती नसेल आणि एक बाजू अनंत असेल, तर सरळ नकार देते.

तुलना बहुतेक भाषांत सारखीच चालते. अनंत जन्माला कसा येतो, यात मात्र मतभेद आहेत. १.० ला ०.० ने भागल्यास जावा आणि जावास्क्रिप्ट अनंत देतात, पायथॉन त्रुटी दाखवतो. पायथॉनच्या पूर्णांकांना आकाराची मर्यादा नसल्याने १० चा ४०० वा घात अनंताहून लहान आहे, हे तो बिनचूक सांगतो. तोच पूर्णांक फ्लोटिंग पॉइंट संख्येत बदलायला गेल्यास त्रुटी येते. क्रमवारी लावताना जावाचे ‘डबल.कंपेअर’ नॅनला धन अनंताच्याही वर बसवते.

प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवायला वापरतात त्या जेसन या मजकूर-स्वरूपात अनंताला जागाच नाही. जावास्क्रिप्ट तिथे ‘नल’ (‘काहीच मूल्य नाही’) लिहिते आणि मोठे-लहान ठरवताना नल म्हणजे शून्य, म्हणून जेसनमधून परत आलेला अनंत ५ हून लहान निघतो.