आच कोंडण्याची साडेतीनशे वर्षे

राइस कुकर, एअर फ्रायर, टेबलावर मावणारा छोटा ओव्हन ही उपकरणे वीज वाचवतात, असे सगळीकडे ऐकू येते. पण ती का वाचते हे समजून घ्यायचे तर विजेच्याही मागे जावे लागते. बचतीची युक्ती विजेहून खूप जुनी आहे: लागेल तेवढीच उष्णता तयार करायची आणि ती निसटू द्यायची नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनी 1679 मध्ये लंडनमध्ये घट्ट झाकणाचे एक भांडे दाखवले. वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी 100 अंशांच्या वर तापते आणि हाडेसुद्धा मऊ पडतात. दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी सुरक्षा झडपही बसवली. प्रेशर कुकर त्याच वाटेने आला.

दुसरा टप्पा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच आठवण सर्वांत कमी निघते. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेनसेन यांनी आतून जाड अस्तर लावलेली एक पेटी मांडली. भांड्याला एकदा चांगली उकळी आणायची आणि ते पेटीत बंद करून ठेवायचे. पुढचे शिजणे आतल्या उष्णतेवर होई, विस्तवाशिवाय. दोन्ही महायुद्धांत इंधनाची टंचाई झाली तेव्हा गवत भरलेल्या अशाच पेट्या घरोघरी वापरल्या गेल्या. यामागचे गणित साधे आहे. एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला सुमारे 0.09 युनिट ऊर्जा लागते. तेच पाणी सगळे आटवायला 0.63 युनिट, म्हणजे जवळजवळ सातपट. उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवली तर उघड्या भांड्यातले अन्न लवकर शिजत नाही, कारण पाणी 100 अंशांच्या वर जातच नाही. वाढते ती फक्त वाफ. झाकण ठेवणे आणि आच मंद करणे ही कोणत्याही यंत्राआधीची बचत आहे.

वीज स्वयंपाकघरात आली ती अडखळत. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात विजेवर चालणारे आख्खे स्वयंपाकघर मांडले होते, पण लाल होईपर्यंत तापूनही हवेत टिकेल अशी तार तेव्हा नव्हती. अल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट 1906 मध्ये मिळाले आणि ही अडचण सुटली. टोस्टर असो की छोटा ओव्हन, आत तापणारी तार आजही बहुधा त्याच घराण्यातली असते.

पुढचा प्रश्न होता, थांबायचे कधी? जपानमध्ये योशितादा मिनामी आणि त्यांच्या पत्नी फुमिको यांनी भाताची भांडी पुन्हापुन्हा चढवून याचे उत्तर शोधले, आणि 1955 च्या डिसेंबरमध्ये तोशिबाचा विजेवरचा राइस कुकर बाजारात आला. त्यात भांडी दोन होती. बाहेरच्या भांड्यात मोजून थोडे पाणी घालायचे. ते आहे तोवर तापमान 100 अंशांच्या आसपास राहते. ते आटले की तापमान झपाट्याने चढते, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज तुटते. घड्याळ नाही, राखण नाही. अन्न तयार झाल्यावर एक क्षणही वीज खायची नाही, ही शिस्त इतक्या सोप्या रीतीने दुसऱ्या कोणत्याच उपकरणाने आणली नसेल.

अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन यांच्या मंद आचेच्या भांड्याला 1940 मध्ये पेटंट मिळाले होते. 1971 मध्ये ते क्रॉक-पॉट नावाने नव्याने विक्रीला आले, 1973 मध्ये तेलसंकट आले आणि कमी विजेत शिजवणारे भांडे म्हणून त्याचे महत्त्व वाढले. मायक्रोवेव्हचा प्रवास उलटा झाला. 1947 चे पहिले यंत्र माणसाएवढे उंच होते आणि टेबलावर मावणारे यायला 1967 उजाडले. तो थेट अन्न तापवतो, त्यामुळे ताटभर जेवण गरम करायला फारच चांगला. नुसते पाणी उकळायला मात्र केटलच बरी. मायक्रोवेव्हमध्ये विजेचा बराच भाग लहरी तयार करतानाच वाया जातो.

बेकिंगमध्ये तर जागेलाच किंमत असते. मोठ्या ओव्हनमध्ये केकपेक्षा पोलादी भिंतीच अधिक उष्णता पितात. 1945 च्या सुमारास विल्यम मॅक्सन यांनी विमानात जेवण गरम करण्यासाठी पंख्याचा छोटा ओव्हन केला. अन्नाभोवती स्थिर हवेचा थर असतो, पंखा तो हटवतो आणि उष्णता लवकर आत शिरते. फिलिप्सने 2010 मध्ये बर्लिनला आणलेला एअर फ्रायर हा तत्त्वाने याच जातीचा, फक्त पोकळी आणखी लहान. 2022 मध्ये युरोपात वीज आणि गॅस कडाडले तेव्हा त्याची मागणी वाढली ती उगाच नाही.

तरी बेकिंगच्या बहुतेक पाककृती मोठ्या ओव्हनसाठी लिहिलेल्या असतात. छोट्या पोकळीत तार केकच्या अगदी जवळ असते, म्हणून वरचा भाग करपतो आणि मधला कच्चा राहतो. तापमान 15-20 अंशांनी उतरवले आणि वर सैल फॉइल घातली की हे टळते. आणि बिस्किटांचे चार घाणे काढायचे असतील, तर मोठा ओव्हन एकदाच भरून लावणे बहुधा स्वस्त पडते.