एचपी, वॅट आणि नुसतंच 'युनिट'

आमच्या मीटरवर ३२०० इम्प असं लिहिलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. २००० वॅटचा गिझर लावला की तो सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो, बघून जीव वरखाली होतो. पण युनिट कशाचं? लांबीचं युनिट मीटर, वजनाचं किलो असं शाळेत शिकलो, आणि विजेचं नुसतंच युनिट!

हे समजायला घोड्यापर्यंत मागं जावं लागतं. जेम्स वॅटनं वाफेचं इंजिन शोधलं असं आपण पाठ केलंय ते खरं नाही, न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसतच होतं, वॅटनं १७६९ मध्ये पेटंट घेतलं ते वेगळा कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करून पाणी करणारं भांडं, लावून कोळसा वाचवायचं. आणि पैसेही तसेच मागितले, जुन्या इंजिनाच्या मानानं जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हाला द्या. कॉर्नवॉलच्या खाणींत कोळसा बाहेरून यायचा, महाग पडायचा, तिथं हा हिशोब जमला. पण गिरणीवाल्यांकडं मुळात इंजिनच नव्हतं, घोडे होते, तिथं वाचलेला कोळसा दाखवणार कुठून?

मग घोडाच माप झाला. कल्पना वॅटचीही नाही, वाफेचा पंप करणाऱ्या सेव्हरीनं १७०२ मध्येच इंजिनाची तुलना घोड्यांशी केली होती, वॅटनं फक्त आकडा बसवला. आपल्या तेलाच्या घाण्याचा बैल डोळ्यापुढं आणा, तसाच घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेरे मारतो, १८० पौंडांच्या जोरानं ओढतो. मिनिटाला कापलेलं अंतर आणि जोर यांचा गुणाकार येतो ३२,५७२, वॅटनं सरळ ३३,००० धरला. मिनिटाला ३३,००० पौंड एक फूट उचललं की १ एचपी, म्हणजे हॉर्सपॉवर. दिवसभर राबणाऱ्या साध्या घोड्याला हे झेपत नाही म्हणतात, पण विकणाऱ्यानं माप थोडं भरून दिलं तर गिऱ्हाईक तक्रार करत नाही, माझा आपला अंदाज.

गंमत म्हणजे 'वॅट' नावाचं माप वॅटनं कधी ऐकलंच नाही. तो १८१९ मध्ये गेला आणि इंजिनिअर विल्यम सीमेन्सनं १८८२ मध्ये हे नाव सुचवलं. त्याच्या घोड्याची किंमत आता ७४६ वॅट.

त्याच सुमारास वीज विकायला लागली. एडिसनच्या सुरुवातीच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असायच्या, माणूस येऊन त्या काढून न्यायचा, वजनात किती फरक पडला त्यावर बिल. ब्रिटनमध्ये १८८०च्या दशकात १००० वॅट एक तास हे विक्रीचं माप ठरलं, त्याला म्हणायचे बोर्ड ऑफ ट्रेड युनिट, म्हणजे तिकडच्या व्यापार खात्याचं युनिट. पुढचं गळून पडलं, युनिट राहिलं.

आणि घोडा आपल्या शेतात अजून आहेच. ५ एचपीची मोटर तासभर चालली की किमान पावणेचार युनिट, खरं तर जास्तच, पण कित्येक कृषीपंपांना मीटरच नाही, तिथं आकारणी एचपीवर. २०२४ मध्ये राज्यानं मोफत वीज दिली तीही ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना. त्यामुळं मोटर जास्त एचपीची रिवाइंड करून आणली तरी वरची पाटी जुनीच ठेवायची हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही.