सिंधमधील दात नसलेले पुरुष : एका आनुवंशिक विकाराची पार्श्वभूमी

सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता तेव्हाची ही नोंद आहे. डब्ल्यू. वेडरबर्न यांनी कळवलेली तेथील एका हिंदू कुटुंबाची हकीकत चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राणी व वनस्पतींमधील बदलांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १८७५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत दिली. चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून पटाशीचे चार लहान, कमकुवत दात आणि आठ दाढा एवढेच होते. अंगावर केस जेमतेम, टक्कल लवकर पडे आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्यांचे हाल होत. मुलींमध्ये हे दिसत नसे, पण त्यांच्या मुलग्यांत उतरे; बापाकडून मुलाकडे मात्र ते एकदाही गेले नव्हते.

निरीक्षण इतके नेमके असूनही त्याचा उलगडा डार्विन यांना करता आला नाही, कारण मेंडेल यांचे आनुवंशिकतेवरील संशोधन १९०० पर्यंत अडगळीतच होते आणि लिंगगुणसूत्राशी जोडलेली आनुवंशिकता मॉर्गन यांनी फळमाशीत दाखवली ती १९१० मध्ये. पुढे १९२१ मध्ये थडानी यांनी सिंधमधील अशाच पुरुषांविषयी लिहिले. कारणीभूत जनुक, ईडीए, १९९६ मध्ये सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असते, आणि मुलाला एक्स मिळते ते आईकडूनच. भ्रूणाच्या बाह्यस्तरातून दात, केस आणि घर्मग्रंथी घडवणारा संदेश या जनुकातून जातो. तो बिघडला की तिन्ही अडतात. आज या विकाराला हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया म्हणतात. वाहक स्त्रिया, म्हणजे सदोष जनुक मुलांकडे पोहोचवणाऱ्या स्त्रिया, अगदी निरोगी असतात, हा समजही पुढे मागे पडला : एखादा दात नसणे किंवा तो सुळ्यासारखा निमुळता असणे, अशा खुणा त्यांच्यातही आढळतात. ‘मुलगा मामावर गेला’ हे घरातले वाक्य म्हणूनच दंतवैद्याने कान देऊन ऐकावे.

अर्थात, कमी दात असलेल्या प्रत्येक घरात हाच विकार नसतो. एमएसएक्स१ (१९९६) आणि पॅक्स९ (२०००) या जनुकांतील दोष आईवडिलांपैकी कोणाकडूनही येतात आणि बहुधा दातांपुरतेच राहतात. अ‍ॅक्सिन२ मात्र वेगळे : २००४ मध्ये एका फिनिश कुटुंबात त्याच्या दोषामुळे बरेच दात नसण्यासोबत मोठ्या आतड्याचा कर्करोगही आढळला, त्यामुळे अशा घरात चौकशी तोंडापाशी थांबवता येत नाही.

उपचारात खरी अडचण आहे ती वाढीची. दात नसलेल्या जागी जबड्याचे हाड भरत नाही आणि हिरडीचा कंगोरा सुरीच्या पात्यासारखा बारीक राहतो, त्यावर कवळी टिकवणे कौशल्याचे काम असते. तरीही तीन-चार वर्षांच्या मुलाला कवळी देतात, कारण चावणे, बोलणे आणि शाळेत तोंड उघडून हसणे हे सारे त्याच वयात सुरू होते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दाताचा आधार, हाडाला घट्ट धरून बसतो, नैसर्गिक दाताप्रमाणे वाढत्या जबड्याबरोबर सरकत नाही आणि पुढे बुडाल्यासारखा दिसतो. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत सहसा थांबतात. खालच्या जबड्याचा पुढचा भाग हा त्याला मान्य झालेला अपवाद आहे. घाम न येणाऱ्या तान्ह्याला उन्हाळ्यात चढणारा ताप जिवावर बेतू शकतो, त्यामुळे दात यायच्या आधीच निदान झाले तर उत्तम.

जर्मनीतील एर्लांगेन येथील डॉक्टरांनी गर्भजलात ईडीए प्रथिन सोडून तीन बाळांवर उपचार केल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मुलांना घाम येऊ लागला. जन्मानंतर दिलेल्या प्रथिनाने मात्र तसा परिणाम साधला नव्हता.