सेन्सरखाली वाढलेला गंज : एबीएसच्या एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

२००५ साली जनरल मोटर्सने अमेरिकेत शेवरोले सिल्व्हराडो, जीएमसी सिएरा आणि त्याच सांगाड्यावर बांधलेल्या टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड अशा १९९९ ते २००२ या मॉडेलवर्षांच्या सुमारे ८ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तक्रार मोठी चमत्कारिक होती. भरधाव वेगात या गाड्यांचे ब्रेक चोख लागत. पण सिग्नलपाशी येऊन गाडी जवळजवळ थांबलेली असताना, वेग ताशी ६ ते १६ किलोमीटर उरला की, कोरड्या रस्त्यावरसुद्धा पायाखालचे पॅडल धडधडू लागे, खालून घरघर ऐकू येई आणि गाडी थांबायची ती आणखी पुढे सरके. ताशी १० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात पावणेतीन मीटर जाते आणि सिग्नलला पुढची गाडी बहुधा तेवढ्याच अंतरावर उभी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या किरकोळ वाटणाऱ्या दोषासाठी रिकॉल का काढावा लागला ते कळते.

कारण सापडले ते पुढच्या चाकाच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर जिथे बसतो त्या इंचभर जागेत. तिथे गंज चढला होता. गंज चढलेल्या जागा जुन्या गाडीत शेकड्याने असतात. मग याच जागेचा गंज एबीएसमार्फत, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेमार्फत, ब्रेकपर्यंत कसा पोहोचला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ब्रेक लावताना चाक पूर्ण अडकले की टायर घसरू लागतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, ही अडचण पहिल्यांदा गंभीरपणे घेतली ती विमानवाल्यांनी. फ्रान्समध्ये गाब्रिएल व्हॉयझँ यांनी १९२०च्या दशकात विमानांसाठी यावर प्रयोग केले, आणि १९५०च्या दशकात ब्रिटनच्या डनलॉप कंपनीचे मॅक्सारेट हे उपकरण विमानांवर सर्रास बसू लागले. मॅक्सारेटमध्ये विजेचा संबंधच नव्हता. चाकाबरोबर फिरणारे एक लहानसे फ्लायव्हील असे. चाक एकदम मंदावले तरी फ्लायव्हील आपल्या वेगात फिरत राही आणि या दोघांतल्या फरकातून ब्रेकचा दाब सोडणारी झडप उघडे. हेच उपकरण १९६६ च्या जेन्सन एफएफ या मोटारीत बसवले गेले, पण ती गाडी सव्वातीनशेच्या आतच बनली. १९७१ मध्ये क्रायसलरने इम्पीरियल गाडीसाठी बेंडिक्सबरोबर चारही चाकांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली. तिकडे जर्मनीत डाइमलर-बेंझने १९७० मध्ये एक यंत्रणा दाखवली, परंतु त्या काळची अॅनालॉग इलेक्ट्रॉनिक्स रस्त्यावरचे धक्के आणि उष्णता सोसण्याइतकी दणकट नव्हती, आणि बॉशबरोबरचे काम डिजिटल सर्किट हाताशी येईपर्यंत लांबले. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये जे एबीएस आले, तिथून आजच्या पद्धतीची सलग परंपरा सुरू होते.

या बदलात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मॅक्सारेटमध्ये जाणीव आणि कृती एकाच डब्यात होती. इलेक्ट्रॉनिक एबीएसमध्ये निर्णय घेणारा मेंदू बॉनेटखाली किंवा चॅसिसला सुरक्षित बसला आणि त्याचे डोळे मात्र चाकापाशी गेले. गाडीत याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. ब्रेक डिस्कची उष्णता, ब्रेक पॅडची काळी भुकटी, चिखल, खडीचे मारे आणि पाणी हे सगळे तिथे रोजचेच. त्या डोळ्यांवर मेंदूचा संपूर्ण विश्वास, कारण त्याच्याकडे दुसरी खबर नाही.

सुरुवातीच्या दशकांत हे डोळे म्हणून जो सेन्सर वापरला गेला तो रचनेने अगदी साधा होता: एक कायमचा चुंबक आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. समोर चाकाबरोबर फिरणारे लोखंडी दातेरी कडे, ज्याला गॅरेजमध्ये टोन रिंग म्हणतात. दात समोर आला की चुंबकाचे क्षेत्र दाट होते, खाच आली की विरळ होते, आणि फॅरेडेच्या नियमानुसार कॉइलमध्ये वर-खाली होणारा विद्युतदाब तयार होतो. समजा रिंगला ४८ दाते आहेत आणि टायरचा परीघ २.४ मीटर आहे. तर ताशी १० किलोमीटरला सेकंदाला पंचावन्नच्या आसपास लाटा निघतील. लाटा मोजल्या की वेग कळला. बाहेरून वीज द्यावी लागत नाही, आत झिजणारे काही नाही आणि किंमतही कमी, त्यामुळे अभियंत्यांनी तो पसंत केला यात नवल नाही.

पण त्यात एक मेख होती. हा सेन्सर लाटांची संख्याच तेवढी बदलत नाही, लाटांची उंचीही बदलतो. चाक जोरात फिरते तेव्हा लाट उंच असते. चाक मंदावले की ती बसत जाते आणि अगदी कमी वेगाला इतकी खुजी होते की कंट्रोलरला, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला, ती विजेच्या गोंगाटातून वेगळी ओळखता येत नाही. शिवाय लाटेची उंची सेन्सरचे टोक आणि दाते यांमधल्या फटीवर अवलंबून असते. ही फट साधारण एका मिलिमीटरच्या आसपास ठेवलेली असते, आणि ती जरा वाढली तरी लाट झपाट्याने खाली येते. म्हणजे कमी वेग आणि वाढलेली फट हे दोन्ही एकदम जुळून आले, तर चाक फिरत असतानाच सेन्सर गप्प होतो.

फट वाढवण्याचे काम मिठाने केले. अमेरिकेत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकण्याचा पहिला मोठा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये केला असे मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, हमरस्त्यांचे जाळे विणले गेले, आणि हिवाळ्यातही काळा, मोकळा डांबरी रस्ता मिळालाच पाहिजे ही लोकांची अपेक्षा सरकारी धोरण बनली. आता तिथे रस्त्यांवर दरवर्षी दोन कोटी टनांच्या घरात मीठ पडते. मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्क, पेन्सिल्व्हेनिया अशा राज्यांच्या पट्ट्याला ‘सॉल्ट बेल्ट’ हेच नाव पडले आहे. डेट्रॉइट, शिकागो, न्यू जर्सीला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात गाडीवर बसणारी ती पांढुरकी खपली चांगलीच परिचयाची असेल. गंमत अशी की मोटारउद्योगाची राजधानी असलेल्या डेट्रॉइट शहराच्या खाली तीनशे मीटरहून खोल मिठाची खाणच आहे. मीठ स्वस्त आणि हाताशी होते. त्यात पुढे मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणांची भर पडली. ही द्रव्ये हवेतली ओल धरून ठेवतात, त्यामुळे रस्ता कोरडा दिसत असला तरी गाडीच्या खालच्या सांदीकोपऱ्यांत ओलसर खार तसाच राहतो.

आता त्या हबकडे परत यावे. वर सांगितलेल्या पिकअप गाड्यांमध्ये सेन्सर हबच्या भोकात उतरवून, वरून एका स्क्रूने आवळलेला असे, आणि त्याची बैठक हबच्या लोखंडावर घासून सपाट केलेल्या जागेवर टेके. सपाट केलेल्या जागेवर संरक्षक लेप उरत नाही. तिथे खारे पाणी शिरले की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा किती तरी जास्त जागा व्यापतो. पापुद्र्यावर पापुद्रा चढत जातो आणि स्क्रूने आवळलेला असूनही सेन्सर खालून जॅक लावल्यासारखा उचलला जातो. अर्धा-पाऊण मिलिमीटर पुरतो. बाहेरून पाहणाऱ्याला सेन्सर जिथल्या तिथेच दिसतो, वायर शाबूत असते, मीटरने कॉइलचा रोध मोजला तर तोही बरोबर येतो.

गाडी थांबत असताना मग काय होते, तर उंचावलेल्या सेन्सरची लाट बाकीच्या चाकांच्या आधीच कंट्रोलरच्या नजरेतून नाहीशी होते. कंट्रोलरच्या हिशेबी तीन चाके ताशी १० किलोमीटरने फिरत आहेत आणि चौथे एकाएकी शून्यावर आले आहे. याचा अर्थ ते घसरून अडकले. मग तो आपले नेमून दिलेले काम इमानेइतबारे करतो आणि त्या चाकाच्या ब्रेकचा दाब सोडून देतो. ज्या उपायाने गाडी वाचायची, तोच उपाय गाडी पुढे ढकलतो.

या प्रकरणातली खरी गोम मला इथेच दिसते. एबीएसची आखणी करणाऱ्यांनी बिघाडाचा विचार केलाच नव्हता असे नाही. वायर तुटली, कॉइल जळली, सिग्नल पूर्ण बंद झाला तर कंट्रोलर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो, स्वतः बाजूला होतो आणि साधे ब्रेक पहिल्यासारखे चालू राहतात. म्हणजे मेलेल्या सेन्सरची व्यवस्था होती. अर्धवट खोटे बोलणाऱ्या सेन्सरची नव्हती. ताशी ६० किलोमीटरला तो बिनचूक बोलतो, शेवटच्या चार मीटरमध्ये फसवतो, आणि गाडी थांबल्यावर तर सगळीच चाके शून्यावर असल्याने विसंगती उरतच नाही. दिवा लागत नाही आणि बिघाडाचा कोडही साठत नाही. मालक तक्रार घेऊन गॅरेजला जाई, मेकॅनिक स्कॅनर लावून ‘काही दाखवत नाही’ म्हणे, आणि दोघेही एकमेकांकडे संशयाने बघत. काही मालकांनी शेवटी एबीएसचा फ्यूजच काढून ठेवला. निदान पॅडल तरी फसवत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. तो चूक असला तरी समजण्यासारखा होता.

रिकॉलमध्ये ठरलेले काम ऐकायला साधे होते: सेन्सर काढायचा, बैठकीवरचा गंज साफ करायचा, तिथे गंजरोधक लेप द्यायचा आणि सिग्नल नीट येत नसेल तर सेन्सर नवा घालायचा. प्रत्यक्षात सेन्सर ‘काढायचा’ या एका शब्दात बराच घाम असे. गंजाने भोकात घट्ट धरलेल्या सेन्सरचे प्लॅस्टिकचे डोके पकडीत तुटून हातात येते आणि खालचा दांडा आतच राहतो. मग ठोकून, ड्रिल मारून तो काढावा तर त्याचे तुकडे बेअरिंगच्या बाजूला पडण्याची भीती; अखेर कित्येकदा अख्खे हबच बदलावे लागते.

हा रिकॉल साऱ्या देशासाठी नव्हता. जास्त मीठ वापरणाऱ्या निवडक राज्यांपुरताच होता. त्यामागे वेगळा वाद होता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे नित्साने, १९९८ मध्ये वाहन कंपन्यांना पत्रे पाठवून कळवले होते की, हवामानाच्या दीर्घकाळच्या परिणामाने उद्भवणारा दोष असेल तर कंपनी सबळ कारण देऊन रिकॉल ठरावीक प्रदेशापुरता ठेवू शकते. सेंटर फॉर ऑटो सेफ्टी आणि पब्लिक सिटिझन या ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या संस्थांना हे मान्य नव्हते. कायदा सदोष वाहनाच्या प्रत्येक मालकाला कळवा म्हणतो, आणि गाडी ओहायोत गंजून टेक्सासमध्ये विकली गेली तर तिचा मालक वाऱ्यावर का, असा त्यांचा प्रश्न होता. प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. पण तो धोरण योग्य आहे म्हणून नव्हे, तर ती पत्रे म्हणजे प्रशासनाचा बंधनकारक अंतिम निर्णय नव्हेत या मुद्द्यावर. मूळ प्रश्नाला उत्तर मिळालेच नाही.

याच पिढीच्या गाड्यांवर मिठाने आणखी एक घाव घातला होता, तो ब्रेकच्या पोलादी नळ्यांवर. नित्साने १९९९ ते २००३ च्या सुमारे ५० लाख गाड्यांबाबत तपास केला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो रिकॉलविना बंद केला. नळ्या गंजणे हा निर्मितीतला दोष नसून जुन्या गाडीचे वय आणि मीठ यांचा परिणाम आहे, असा निष्कर्ष काढून मालकांना हिवाळ्यात गाडी खालून धुण्याचा आणि नळ्या तपासून घेण्याचा सल्ला दिला. गंज तोच, रस्ते तेच, पण सेन्सरखालच्या गंजाला ‘दोष’ म्हटले गेले आणि नळीवरच्या गंजाला ‘झीज’. वयाचा फरक नाकारता येत नाही. तरीही नळी फुटणे हा जास्त घातक प्रकार असताना ही सीमारेषा कुठे आणि कशी आखली गेली, याचे समाधानकारक उत्तर मला त्या निष्कर्षात दिसत नाही.

दरम्यान सेन्सर बदलले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘अॅक्टिव्ह’ सेन्सर रूढ होत गेले. यांना बाहेरून वीज लागते, आतली चिप चुंबकीय क्षेत्राचा बदल ओळखते आणि चाक कितीही हळू फिरले तरी सारख्याच उंचीचा चौकोनी सिग्नल देते. लाट खुजी होण्याचा जुना रोग त्याने गेला. दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांची चुंबकी पट्टी आली. पण गंजाने येथेही वाट काढली. चुंबकी पट्टीला लोखंडाचा बारीक कीस आणि गंजाची भुकटी चिकटते. सेन्सरच्या बैठकीवरचा गंज प्लॅस्टिकच्या अंगाला दाबून चिरा पाडतो. आणि ज्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टवर दाबून बसवलेले दातेरी कडे राहिले, तिथे शाफ्ट आणि कडे यांच्या मध्ये गंज फुगून कडेच तडकते. तडकलेल्या जागी दोन दातांतले अंतर वाढते, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक दात उशिरा येतो, आणि मग गाडी थांबताना पॅडल पुन्हा तसेच धडधडते.

भारतात मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते नव्या मॉडेलांसाठी एप्रिल २०१८ पासून आणि चालू मॉडेलांसाठी एप्रिल २०१९ पासून. १२५ सीसीवरच्या दुचाकींनाही तोच नियम त्याच सुमारास लागू झाला. पुण्याजवळ चाकणला बॉशच्या कारखान्यात एबीएसचे युनिट बनू लागले त्यालाही आता दशक उलटले आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात किंवा गोव्यात रस्त्यावर कोणी मीठ टाकत नाही. पण किनारपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सांदीत तेच काम सावकाश करतात, आणि सक्तीनंतर विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्या आता त्या वयाला पोहोचत आहेत. दुचाकीवर तर हे भिंगाशिवाय दिसते: पुढच्या ब्रेक डिस्कच्या आतल्या बाजूला खाचांचे एक पातळ कडे असते, आणि त्याच्या तोंडाशी, नखाएवढ्या फटीवर, काळा सेन्सर. पावसाळा संपल्यावर त्या फटीत वाळलेला चिखल आणि त्याखाली तांबूस कड दिसते. धुलाईवाला सहसा टाकी आणि मडगार्ड चकचकीत करून गाडी परत देतो.