मतं न मोजणारं राज्य

मोहॉकांचे ९, ओनायडांचे ९, ओनन्डागांचे १४, कायूगांचे १० आणि सेनेकांचे ८. एकूण ५०. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पाच राष्ट्रांचा इरोक्वॉय महासंघ, त्याच्या महासभेतली ही आसनं. सेनेका लोकसंख्येनं सगळ्यांत मोठे आणि त्यांचीच आसनं सगळ्यांत कमी, तेव्हा पाहणाऱ्याला हा हिशोब चुकलेला वाटतो. पण या सभेत हात वर करून मतं मोजायची पद्धतच नाही. प्रत्येक राष्ट्राचा आवाज एकच, मग तो चौदा जणांनी मिळून ठरवलेला असो की आठ जणांनी. आकड्यावरून भांडायला कुणाला कारणच उरत नाही.

इरोक्वॉय हे नाव फ्रेंचांमुळे रूढ झालं. हे लोक स्वतःला होदेनोशोनी म्हणतात, म्हणजे लांब घराचे लोक. आजच्या न्यूयॉर्क राज्यात, मोहॉक नदीच्या खोऱ्यापासून पश्चिमेला जेनेसी नदीपर्यंत त्यांची गावं होती. घर एल्म झाडाच्या सालींचं, साधारण २० फूट रुंद. कुटुंबं वाढतील तशी लांबी वाढवायची, ती कधी २०० फुटांवरही जाई. मधोमध ओळीनं चुली आणि एकेका चुलीच्या दोन्ही अंगांना एकेक बिऱ्हाड. घर आईच्या वंशाचं. मुली तिथेच राहायच्या आणि नवरे राहायला यायचे, म्हणजे झाडून सगळे घरजावई. राज्याची मांडणीही याच घरावरून केलेली आहे. पूर्वेच्या दाराशी मोहॉक, पश्चिमेच्या दाराशी सेनेका, मधल्या चुलीपाशी ओनन्डागा आणि उरलेल्या जागांत ओनायडा नि कायूगा.

ही पाच राष्ट्रं एकमेकांच्या सुडानं बेजार झाली असताना शांतिदूतानं आणि त्याचा साथी हायावाथा यानं त्यांना एकत्र आणलं, असं परंपरा सांगते. शांतिदूताचं नाव आदरापोटी एरवी उच्चारत नाहीत. काळाबद्दल वाद आहे. कथेत सूर्यग्रहण येतं, म्हणून कुणी ११४२ धरतात, कुणी १४५१. त्याहून अलीकडचा काळ मानणारे अभ्यासकही बरेच आहेत. शेवटपर्यंत अडून बसला तो ओनन्डागांचा प्रमुख ताडोडाहो, केसांत साप असलेला. हायावाथानं ते साप विंचरून काढले आणि महासभेचं प्रमुखपद त्यालाच दिलं. सर्वांत मोठ्या विरोधकाला सर्वांत मानाची खुर्ची, पण त्या खुर्चीला एकट्याच्या मर्जीनं काही करता येणार नाही अशी सोय. साप विंचरण्यापेक्षा मला ही सोय जास्त हुशारीची वाटते.

ती सोय कशी चालते ते पाहू. सभा ओनन्डागात भरते. मधे सभेचा अग्नी, त्याच्या एका बाजूला मोहॉक आणि सेनेका, हे थोरले भाऊ. समोर ओनायडा आणि कायूगा, हे धाकटे. ओनन्डागा अग्निरक्षक, म्हणजे हा अग्नी राखणारे. १७२२ च्या सुमारास दक्षिणेकडून आलेले टस्करोरा सहावं राष्ट्र म्हणून सामील झाले, पण ५० आसनांत त्यांचं आसन नाही. त्यांचं म्हणणं धाकट्या भावांमार्फत येतं.

समजा, तहाचा प्रस्ताव आला आहे. तो आधी मोहॉकांकडे जातो. त्यांचे नऊ प्रमुख तीन-तीनच्या तीन गटांत बसतात. पहिले दोन गट चर्चा करतात. तिसरा फक्त ऐकतो आणि चूक झाली किंवा रीत मोडली तर तेवढं दाखवून देतो. दोघांचं जुळलं की तिसरा त्यावर शिक्कामोर्तब करतो. मग विषय सेनेकांकडे. थोरल्यांचं एकमत झालं की तो अग्नीपलीकडे धाकट्यांकडे जातो, तिथून परत मोहॉकांकडे येतो आणि मोहॉक निर्णय अग्निरक्षकांपुढे ठेवतात.

खरी मेख पुढे आहे. दोन बाजूंचं जमलं नाही, तर अग्निरक्षक आपल्या बुद्धीनं निर्णय देतात. पण दोन्ही बाजू एक झाल्या असतील आणि अग्निरक्षकांनाच पटत नसेल, तर त्यांना तो निर्णय फेरविचारासाठी परत पाठवता येतो, तोही एकदाच. दोन्ही बाजू पुन्हा त्याच निर्णयावर आल्या तर मान्यता द्यावीच लागते. शेवटचा शब्द ओनन्डागांचा, पण शेवटचा नकार मात्र नाही.

याला वेळ लागतो, आणि तो लागावा अशीच रचना आहे. अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिननं १७८० च्या दशकात नोंदवून ठेवलंय की वक्ता बोलून खाली बसला की सगळे पाच-सहा मिनिटं गप्प राहतात. काही राहिलं असेल तर त्याला पुन्हा उठून सांगता यावं म्हणून. मधेच तोडणं म्हणजे असभ्यपणा. (आपल्याकडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा नियम लावून पाहावा.)

लिखाण नव्हतं, मग ठरलेलं टिकायचं कसं? त्यासाठी वॉम्पम. अटलांटिक किनाऱ्यावरच्या क्वाहॉग शिंपल्याचे जांभळे आणि व्हेल्क शंखाचे पांढरे, नळीसारखे बारीक मणी. त्यांच्या सरी आणि पट्टे. निरोप्याच्या हातात सर नसेल तर निरोपाला वजन नाही. महासंघाचा स्वतःचा पट्टा हायावाथाच्या नावानं ओळखला जातो. त्यात मण्यांच्या ३८ रांगा आणि एकूण ६,५७४ मणी आहेत, ५,६८२ जांभळे आणि ८९२ पांढरे. जांभळ्या पार्श्वभूमीवर चार पांढरे चौकोन आणि मधे वृक्ष, हा वृक्ष म्हणजे ओनन्डागा. सगळ्यांना जोडणारी पांढरी रेघ पट्ट्याच्या दोन्ही टोकांना उघडी सोडलेली आहे. ज्यांना सामील व्हायचंय त्यांनी त्या वाटेनं यावं. हा पट्टा बरीच वर्षं न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयाच्या ताब्यात होता. १९८९ मध्ये तो इतर अकरा पट्ट्यांसह ओनन्डागांकडे परत आला.

आता ही ५० माणसं निवडतं कोण? बायका. प्रत्येक पद एका कुळातल्या विशिष्ट मातृवंशाकडे असतं आणि त्या वंशाची कुळमाता उमेदवार सुचवते. मग कुळाची, राष्ट्राची आणि शेवटी महासभेची संमती. मोहॉक आणि ओनायडांत कासव, लांडगा, अस्वल अशी तीनच कुळं, प्रत्येकी तीन पदं. त्यांचे नऊ होतात ते असे. लग्न कुळाबाहेर करायचं, मुलं आईच्या कुळाची. त्यामुळे बापाचं पद मुलाकडे जाऊच शकत नाही. ते भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जातं. बाप आपल्या लेकाला गादीवर बसवतोय, हा घोटाळा मुळातच खुडून टाकलेला.

पदाची खूण म्हणजे हरणाची शिंगं. शिंगं चढवताना सांगितलं जातं की तुझी कातडी सात वितींची जाड असू दे, टीका आत शिरायला नको. पण म्हणून निगरगट्टपणा चालत नाही. प्रमुख लोकहित विसरला तर त्याला दोनदा समज दिली जाते. तिसऱ्यांदाही ऐकलं नाही तर कुळमातेच्या सांगण्यावरून युद्धप्रमुख त्याची शिंगं उतरवतो.

या रचनेतली कमतरता उघड आहे. पदं ठरलेल्या वंशांत अडकलेली, मग बाहेरच्या हुशार माणसाचं काय? त्याच्यासाठी पाइन वृक्षाचा प्रमुख हे बिनवारशाचं पद आहे. ते कर्तृत्वावर मिळतं. त्याला पदावरून काढता येत नाही, पण तो बिघडला तर सगळे त्याच्यापुरते बहिरे होतात. बोलू द्यायचं, ऐकायचं नाही.

प्रमुख वारला की त्याचं पदनाम, म्हणजे पदासोबत पुढे जाणारं नाव, नव्या माणसाला देईपर्यंत कारभार अडतो. अग्नीच्या ज्या बाजूला मृत्यू झाला नाही ती बाजू सांत्वनाला येते. शोकाकुलांच्या डोळ्यांतली आसवं पुसायची, कान मोकळे करायचे, घसा मोकळा करायचा. दुःखात बुडालेल्या माणसाला नीट दिसत, ऐकू येत, बोलता येत नाही, आणि अशानं सभेत बसू नये, हा त्यामागचा विचार. मग ५० नावांचा उच्चार होतो. त्यासाठी खुंट्या ठोकलेली काठी आठवणीला धरतात.

हे यंत्र थोडा वेळ मिळेल असं धरून चालतं. १७७७ च्या सुरुवातीला तो मिळाला नाही. ओनन्डागात साथीनं ९० माणसं गेली, त्यात तीन प्रमुख, आणि अग्नी झाकावा लागला, म्हणजे सभा थांबली. नेमकं त्याच वेळी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज आणि वसाहतवाले दोघेही बाजू घ्या म्हणून मागे लागलेले. एकमत झालं नाही तर जो तो आपल्या वाटेनं मोकळा, हा जुना रिवाज. ओनायडा आणि टस्करोरा बहुतांशी वसाहतींकडे गेले, बाकीचे बहुतेक इंग्रजांकडे, आणि भाऊ भावांसमोर उभे राहिले. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनच्या सैन्यानं चाळीसहून अधिक गावं आणि त्यांचं उभं पीक जाळलं. नंतर बरेच जण कॅनडातल्या ग्रँड नदीकाठी गेले आणि दोन ठिकाणी दोन अग्नी पेटले.

अमेरिकेची राज्यघटना इथूनच उचलली, असं हल्ली पुष्कळदा ऐकू येतं. १७४४ मध्ये लँकेस्टरच्या तहाच्या वेळी ओनन्डागांच्या कानासतेगोनं वसाहतींना एक व्हायचा सल्ला दिला होता, फ्रँकलिनला तो माहीत होता, आणि १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं या ऋणाचा ठरावही केला. पण बहुमतावर चालणारं आणि बायकांना मतसुद्धा न देणारं ते संविधान या सभेची नक्कल म्हणावी तर मूळ वस्तूच ओळखू येत नाही. बरेच इतिहासकारही हा दावा मानत नाहीत.

ग्रँड नदीवरची परंपरागत सभा कॅनडा सरकारनं १९२४ मध्ये बरखास्त केली आणि निवडणुकीची परिषद आणली. त्याआधीच तिथले एक कायूगा प्रमुख, देस्काहे, दाद मागायला जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या दारात गेले होते. त्यांना आत घेतलं नाही. ते १९२५ मध्ये वारले. देस्काहे हे त्यांचं पदनाम, एरवीचं नाव लेवी जनरल. सभा सरकारी कागदावर संपलेली होती, तरी पदनाम मातृवंशाकडे परत गेलं आणि त्यांच्या भावाला, अलेक्झांडर जनरल यांना, देण्यात आलं.